चष्मा उतरला की पोरगा सुधारला?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

दुपारी मळ्यात भरिताची पार्टी होती. जेवणं झाल्यावर पोरांनी मोबाईलवर एक सिरीज लावली, शाळकरी मुलांची. पहिल्याच भागात जाड चष्म्याचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला मुलगा आला आणि पुस्तकांसकट आपटला. आमच्यातल्या एका मोठ्या माणसानं माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याच्या पाठीत थाप मारली, "हा पाय भो, तूच!" म्हणजे बघ, हा तूच. सगळे हसले. भाचाही हसला. त्याचं ते हसणं मला बघवलं नाही. हतनूर धरणावर हिवाळ्यात कोणकोणती बदकं उतरतात हे त्या पोराला तोंडपाठ आहे. यात हसण्यासारखं काय आहे?

राग त्या एका सिरीजचा नाही. वयात येणाऱ्या मुलांच्या बहुतेक गोष्टी अशाच. छंदवेडं पोर आलं की लेखक त्याला दोनच वाटा ठेवतो: एकतर शेवटपर्यंत लोकांना हसवायचं, नाहीतर केस कापून, चष्मा काढून, गॅदरिंगला नाचून माणसात यायचं. त्याला ज्याचं वेड आहे ते मात्र दाखवायचं नाही. फळ्यावर चार समीकरणं लिहिली की झालं काम. मुलींचं तर विचारूच नका. वेणी सोडली, संपली तिची गोष्ट.

माझा मामेभाऊ भुसावळचा. शाळा सुटली की हा रेल्वेच्या पुलावर. शंभर पानी वहीत प्रत्येक इंजिनाचा नंबर, मॉडेल, कुठल्या शेडचं, सगळं. वर्गात त्याला 'इंजिन'च म्हणायचे. उत्तर द्यायला उभा राहिला की शब्द अडायचे त्याचे. एकदा आम्ही मुंबईला निघालो होतो आणि इगतपुरीला गाडी थांबली. मी सहज विचारलं, इतका वेळ का? तर सुरूच झाला. तेव्हा मुंबईच्या बाजूला रुळांवरच्या विजेच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी असायचा आणि आपल्या बाजूला २५,००० व्होल्ट एसी, म्हणून इंजिन बदलावं लागायचं. कसारा घाट, चढ, मागून लावायची इंजिनं, सगळं सांगितलं. एकदाही अडखळला नाही. समोरच्या बाकावरचे काका डबा उघडायचा सोडून ऐकत बसले होते.

आता स्पायडरमॅन घ्या. १९६२ च्या मूळ कॉमिकमध्ये पीटर पार्कर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो. २००२ च्या सिनेमात धागा थेट मनगटातून निघतो, आणि कोळी चावल्यावर चष्माही लागेनासा होतो. पोराच्या हातचं काम काढून घेतलं आणि बदल्यात पिळदार दंड दिले! सिनेमा चांगला आहे, मलाही आवडला होता. पण हे खुपतंच. याउलट १९९९ चा 'ऑक्टोबर स्काय' बघा. कोळसाखाणीच्या गावातली पोरं, १९५७ चा स्पुटनिक बघून रॉकेटं करायला बसतात. रॉकेटं फुटतात, भरकटतात, पोरं परत बसतात. दोस्ती, बापाशी भांडण, मोठं होणं, सगळं त्या रॉकेटांतूनच येतं.

कुणी म्हणेल, अशी पोरं एकलकोंडी होतात, चार माणसांत मिसळायला शिकवावं लागतं. लागतं, मान्य. पण मामेभावाला माणसांत त्याच्या वहीनंच आणलं. ड्रायव्हर त्याला हात करायचे. नवीन इंजिन आलं की शेडमधले फिटर निरोप धाडायचे. त्याच्या वर्गातल्या किती जणांना कुणी निरोप धाडत होतं?

तो रेल्वेत लागला नाही. जळगावात एका डाळमिलमध्ये हिशेब बघतो. वह्या अजून जपून आहेत. हे सांगितलं की लोक विचारतात, मग उपयोग काय झाला? या प्रश्नानं माझं टाळकं सटकतं. चौदाव्या वर्षी एखाद्या गोष्टीवर जीव लावता आला, याहून काय पाहिजे तुम्हाला? पगाराचा, सीटीसीचा आकडा?

आणि हे खान्देशात विचारायचं! चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ च्या सुमारास तिथे मठ काढला, त्याला दानं मिळाली. गणितात बुडालेल्या पोरांची सोय आपल्या मातीत आठशे वर्षांपूर्वी झाली होती, आणि आज आपण त्यांच्या पाठीत थापा मारतोय.

माझ्या मित्रयादीत लिहिणारे पुष्कळ आहेत, काही सिरीजवालेही. तुम्हालाच सांगतेय. असं पोर लिहाल तेव्हा त्याला इगतपुरीला पाच मिनिटं सलग बोलू द्या. प्रेक्षक कंटाळेल म्हणून कापू नका. मी नव्हते कंटाळले, आणि मला तर एसी-डीसीतलं ओ की ठो कळत नव्हतं.