'इल्मॅटिक' खरोखर एकट्याचा आहे का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. रॅपमधील सहकार्यावरच्या माझ्या लेखावर आपण घेतलेला आक्षेप थोडक्यात असा आहे: पाहुण्या रॅपरचे कडवे ही अल्बम खपवण्याची युक्ती असते, ज्याच्यात दम आहे त्याला दुसऱ्याच्या आवाजाची उसनवारी करावी लागत नाही, आणि अमेरिकन रॅपर नॅसचा १९९४ सालचा पहिला अल्बम 'इल्मॅटिक' हा याचा निर्विवाद पुरावा आहे. त्याशिवाय आपण माझी एक चूकही दाखवली आहे.

ती चूक आधी मान्य करतो. रॅपर मेथड मॅन आणि गायिका मेरी जे. ब्लाइज यांचे गाणे 'टिकल' या अल्बममधले आहे, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात १९९४ च्या त्या अल्बमवर मेथड मॅनचे मूळ गाणे आहे. ब्लाइज आली ती १९९५ मध्ये, सिंगलसाठी, म्हणजे सुट्या प्रकाशित गाण्यासाठी, केलेल्या रीमिक्समध्ये. ही दुरुस्ती आपल्या बाजूला बळ देते, कारण सिंगलसाठी मागाहून गायिका आणण्यात व्यापाराचा विचार असणारच. तरीही त्या रीमिक्सचा आधार १९६८ सालचे मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे युगुलगीत आहे. दोन आवाजांचे गाणे पुन्हा दोन आवाजांकडे गेले, याला निव्वळ विक्रीची चलाखी म्हणणे मला जड जाते.

'इल्मॅटिक'बाबत मात्र मी आपल्याशी मुळीच सहमत नाही. या अल्बमवर पाहुणा रॅपर एकच आहे, एझी. पण तो कुठे येतो ते पाहावे. 'लाइफ्स अ बिच' या गाण्यात पहिले कडवे त्याचे आहे आणि नॅस त्याच्यानंतर येतो. स्वतःच्या पहिल्याच अल्बमवर नॅसने गाण्याची सुरुवात दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तीही अशा माणसाच्या, ज्याचा स्वतःचा पहिला अल्बम यायला अजून जवळजवळ दीड वर्ष होते. ज्याला कोणी ओळखत नव्हते, त्याच्या नावावर काय खपणार होते? त्याच गाण्याच्या शेवटी वाजणारे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य) नॅसचे वडील ओलू दारा यांचे आहे. तेही उसनेच म्हणायचे का?

संगीताची बाजू तर पाच निर्मात्यांत वाटलेली आहे. डीजे प्रीमियर आणि लार्ज प्रोफेसर यांची प्रत्येकी तीन गाणी आहेत, तर पीट रॉक, क्यू-टिप आणि एल. ई. एस. यांचे प्रत्येकी एक. पीट रॉकने तर 'द वर्ल्ड इज युअर्स'चे ध्रुवपदही गायले आहे. यांपैकी लार्ज प्रोफेसरचे नाव मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण १९९१ साली त्याच्या मेन सोर्स या गटाच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू' या गाण्यात नॅस प्रथम ऐकू आला, आणि तिथे तो स्वतःच एक अनोळखी पाहुणा होता. तो दरवाजा बंद असता, तर आपण ज्याचा दाखला देता तो अल्बम कदाचित झालाच नसता.

खपवण्याच्या मुद्द्याला वू-टँग क्लॅन या रॅप गटाचे (मेथड मॅन याच गटातला) उदाहरण अधिक जुळते, पण तेही आपल्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. गटाचा प्रमुख आरझेडए याने लाउड रेकॉर्ड्स या कंपनीशी करार करताना प्रत्येक सदस्याला एकल अल्बमसाठी दुसऱ्या कंपनीशी करार करण्याची मोकळीक राखून ठेवली. त्यामुळे मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, जीझेडए गेफेनकडे, ओल' डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, आणि तरीही ते एकमेकांच्या गाण्यांवर येत राहिले. हा धंदा होता, यात शंका नाही. पण १९९५ मध्ये आलेल्या, याच गटातल्या रेक्वॉनच्या अल्बमवर त्याचा गटातला साथी घोस्टफेस किला बहुतेक गाण्यांत आहे, आणि दोघांचे संवाद ज्या सहजतेने एकमेकांत मिसळतात, ती सहजता कराराच्या कलमातून येत नाही.

ज्यांची आपसात कधी गाठही पडलेली नाही, अशा चार-पाच नावांची कडवी एकामागोमाग चिकटवलेली गाणी मलाही ऐकवत नाहीत. तिथे आपला राग योग्यच आहे, आणि माझ्या लेखात त्यांचा उल्लेख यायला हवा होता. 'टिकल'संबंधीचे वाक्य आज बदलले आहे. 'इल्मॅटिक'वरचा परिच्छेद मात्र जसा होता तसाच ठेवत आहे.