'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांनी आधी नियम आठ आणि नऊ वाचावेत

गेल्या रविवारी कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. वय पंधरा, दोन वर्षं शाळेच्या संघात रग्बी खेळतोय, हुकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) आहे. "मामा, ग्रुपवर आलंय ते खरं आहे का? आपल्या रक्तातच नसेल तर सर आम्हाला रोज पहाटे पळवतात कशाला?"

ग्रुप म्हणजे आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी सुविचार, रात्री हळदीचे फायदे. मधल्या वेळात कुणीतरी एक लांबलचक मेसेज टाकला होता, डोक्यावर 'बऱ्याचदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला. त्याचा सारांश असा: पॅसिफिक बेटांवरची माणसं जन्मतःच राक्षसी ताकदीची, त्यांना सराव लागत नाही; न्यूझीलंडने त्यांचे सगळे खेळाडू चोरले; उरलेल्यांतून संघ निवडताना गावचे प्रमुख वशिला लावतात, म्हणून ते हरतात; आणि 2021 मध्ये खेळाडूने देश बदलण्याचा नियम बदलला, त्यामुळे आता अन्याय संपला. शेवटी हात जोडलेल्या इमोजीसह टीप: भारतीय शरीर या खेळाचं नाहीच.

मी अकरा वर्षं ऑकलंडमध्ये राहतोय. शनिवारी सकाळी मुलाला मैदानावर नेतो तेव्हा त्याच्या संघातली अर्धी मुलं सामोअन किंवा टोंगन घरांतली असतात. त्यांच्या आया रिमझिम पावसात छत्री धरून पावणेदोन तास उभ्या असतात. सराव लागत नाही म्हणे!

चोरीचा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करताना मला फारसा आनंद होत नाही. मेसेजमध्ये 'टोंगातून उचललेला' म्हणून पहिलं नाव जोना लोमूचं. लोमू 1975 मध्ये ऑकलंडमध्येच जन्मला. आईवडील टोंगन, लहानपणीची काही वर्षं टोंगात नातेवाइकांकडे गेली, वाढला दक्षिण ऑकलंडमध्ये. ताना उमागा, मा नोनू, केव्हन मिआलामू हे सगळे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले. आजीआजोबांच्या पिढीत कारखान्यांत कामाला माणसं हवी होती म्हणून जी कुटुंबं इथे आली, त्यांची ही मुलं-नातवंडं. दादरमध्ये जन्मलेल्या मुलाला रत्नागिरीहून पळवून आणलेला म्हणण्यासारखं झालं हे.

शिवाय प्रवाह उलटाही वाहतो, ते मेसेजवाल्याला ठाऊकच नाही. 1991 च्या विश्वचषकात सामोआने कार्डिफमध्ये वेल्सला 16-13 असं हरवलं. त्या संघातला फ्रँक बन्स ऑकलंडचा, पॅट लॅमही ऑकलंडचा. बन्स पुढच्याच वर्षी ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडकडून, खेळला. मायकेल जोन्स 1986 मध्ये सामोआकडून एक सामना खेळला आणि 1987 मध्ये न्यूझीलंडबरोबर विश्वविजेता झाला. कोण कुणाचा खेळाडू चोरतोय, सांगा आता.

तथ्य कुठे आहे? फिजीत. सेवू रीस आणि वाइसाके नाहोलो फिजीत जन्मले आणि ऑल ब्लॅक्स झाले. फ्रान्सच्या क्लेरमाँ क्लबने फिजीतून कोवळी पोरं नेली. नोआ नाकाइताची आणि अलिव्हेरेती राका त्या वाटेने फ्रान्सचे खेळाडू झाले. तेव्हा तीन वर्षं राहिलं की त्या देशाकडून खेळता यायचं. ही मुदत पुढे पाच वर्षांची झाली. तेव्हा ओढून नेणं आहेच, पण त्याचा पत्ता मेसेजवाल्याने चुकीचा दिलाय.

आता तो मुद्दा, ज्याने भाच्याला फोन करायला लावला. 'जन्मतः राक्षस'. सामोआ-टोंगात सरासरी माणूस धिप्पाड असतो, हे डोळ्यांना दिसतं, त्यावर वाद घालणार नाही. पण फिजीचा सगळा दरारा सेव्हन्समध्ये (सात-सात जणांच्या रग्बीत), आणि सेव्हन्सचा सर्वकालीन बादशहा वाइसाले सेरेवी हा लहान चणीचा माणूस. 1997 आणि 2005 ला त्याने सेव्हन्सचा विश्वचषक जिंकून दिला तो पायांच्या आणि डोक्याच्या जोरावर. टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या फिजीचा कर्णधार जेरी तुवाई, तोही उंचीने तुमच्या-आमच्यासारखा. 2016 ला रिओत ग्रेट ब्रिटनचा 43-7 असा चुराडा करून फिजीने आपलं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं, तेही सोन्याचं. आनंदात सरकारने सात डॉलरची नोट काढली. त्या यशामागे बेन रायन नावाचा इंग्लिश प्रशिक्षक, आहारावरची बंधनं, आणि सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर ओकारी येईपर्यंत चढ-उतार. टेकडीला तुमचं रक्त कोणतं ते कळत नाही.

आणि शाळा? फिजीत डीन्स ट्रॉफी नावाची शालेय स्पर्धा आहे. आपल्याकडे हॅरिस शील्डला जे वजन होतं ना, तसं. वर्षानुवर्षं एकाच मैदानावर रोज तीन तास घाम गाळलेल्या मुलाला आपण 'देवाची देणगी' म्हणतो, कारण ते तीन तास बघायला आपण तिथे नसतो.

यातला खरा डंख मात्र मेसेजमधल्या पुढच्या वाक्यात आहे: 'ताकद आहे, डोकं नाही.' हे वाक्य मेसेजवाल्याने शोधलेलं नाही. समालोचक शतकभर ते गोड भाषेत म्हणत आलेत, 'स्वच्छंदी', 'उपजत', 'मनमौजी' असले शब्द लावून. चूक केली की शिस्त नाही, चमत्कार केला की उपजत. मग कष्टाचं श्रेय द्यायचं कधी? ताना उमागा 2004 मध्ये ऑल ब्लॅक्सचा कर्णधार झाला. पॅट लॅमने प्रशिक्षक म्हणून 2016 मध्ये आयर्लंडच्या कॉनाक्ट संघाला, ज्यांच्याकडे पैसा कमी आणि पाऊस जास्त, प्रो12 लीग जिंकून दिली, ती निव्वळ डावपेचांवर. आणि या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या पोरांच्या माथी: यांच्या रक्तात आहे, म्हणजे तुमच्या रक्तात नाही. एका दगडात दोन्हीकडची मुलं जखमी.

संघनिवड आणि वशिला. कारभार स्वच्छ असतो असा माझा दावा मुळीच नाही. 2023 मध्ये फिजी रग्बी युनियनचा कारभार विश्वस्तांच्या हाती द्यायची वेळ आली. त्याच वर्षी विश्वचषकासाठी संघ निवडताना फ्लाय-हाफच्या (डाव रचणाऱ्या खेळाडूच्या) जागेवर बेन वोलावोलाला वगळलं, आणि स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर कॅलेब मुंट्झ जखमी झाला. ती पोकळी स्पर्धाभर दिसत राहिली. निवड चुकते. भारतात तर निवड समितीवर बोलायला कुणाला परवानगी लागत नाही.

पण बेटांवरचा प्रशिक्षक कागद घेऊन बसतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न 'चांगला कोण' हा नसतोच. 'मोकळा कोण' हा असतो. जागतिक रग्बी संघटनेचा नियम नऊ सांगतो की आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखांना क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे. कागदावर झकास. क्लब नाही म्हणतच नाही. क्लब फक्त विचारतो, पुढच्या वर्षी करार हवाय ना? मग खेळाडू आपणहून कळवतो की मी उपलब्ध नाही. त्याच्या पगारावर गावातली तीन घरं चालत असतील तर त्याने काय करावं, हे ज्याला पगाराची चिंता नाही त्याने सांगू नये. राखीव तारखांबाहेर तर क्लबला तेवढाही आडपडदा लागत नाही. पॅसिफिक नेशन्स कप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतो, युरोपातला हंगाम तोंडावर आलेला असतो. म्हणून तिथे फिजीचा कणा घरच्याच खेळाडूंचा असतो.

पैशाचं म्हणाल तर 2017 च्या नोव्हेंबरमधला ट्विकनहॅमचा, इंग्लंडच्या घरच्या मैदानावरचा, सामना आठवा. इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला त्या एका सामन्याचे सुमारे 22,000 पाउंड मिळाले, समोरच्या सामोअन खेळाडूला सुमारे 650. सामोआची युनियन दिवाळखोर झाल्याचं त्यांच्या पंतप्रधानांनीच जाहीर केलं होतं. स्टेडियम खचाखच, पण तिकिटांचा गल्ला यजमानाचा, पाहुण्याचा नाही. हा रग्बीतला जुना रिवाज. बरं, पाहुण्याने यजमान व्हावं, तर घरी येतो कोण? ऑल ब्लॅक्स सामोआच्या राजधानीत, आपिआमध्ये, पहिली कसोटी (देशादेशांतला सामना) खेळले ते 2015 मध्ये. ऑकलंडहून चार तासांची विमानफेरी करायला शंभराहून अधिक वर्षं लागली. 25-16 असे जिंकले, घाम मात्र फुटला.

सामोआची लोकसंख्या दोन लाख, टोंगाची एक लाख. इचलकरंजीएवढीही नाही टोंगा. ते का हरतात, हा प्रश्नच मुळात मला उद्धट वाटतो. 2011 मध्ये टोंगाने फ्रान्सला 19-14 हरवलं, आणि तोच फ्रान्स पुढे अंतिम सामना खेळला.

राहिला 2021 चा नियम. नियम आठ. त्या नोव्हेंबरात ठरलं की तीन वर्षं देशाकडून न खेळलेला खेळाडू, जन्माने किंवा आईवडील-आजीआजोबांच्या नात्याने, एकदाच दुसऱ्या देशाकडे जाऊ शकतो. 1 जानेवारी 2022 पासून लागू. चांगलं झालं, उशिरा झालं. चार्ल्स पिउताऊ आणि मलाकाई फेकिटोआ ऑल ब्लॅक्स होऊन टोंगाकडे परतले. लिमा सोपोआगा आणि चार्ली फाउमुइना सामोआकडे. अन्याय संपला? 2023 च्या विश्वचषकात टोंगाने फक्त रोमेनियाला हरवलं. सामोआ इंग्लंडकडून 18-17 असा एका गुणाने हरला आणि गटातच अडकला. माणसं आली, पण एकत्र सराव करायला पुरेसे आठवडे कुणी दिले नाहीत.

त्याच स्पर्धेत फिजीने ऑस्ट्रेलियाला 22-15 हरवलं, 1954 नंतर पहिल्यांदा. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडला 30-24 पर्यंत झुंजवलं. (मध्ये पोर्तुगालकडून 24-23 हरले, तेही सांगतो, नाहीतर कुणीतरी मलाच फॉरवर्ड करेल.) फिजीकडे असं काय होतं? फिजियन द्रुआ. 2022 पासून न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या क्लबांबरोबर सुपर रग्बी स्पर्धेत खेळणारा, 2023 पासून सुवा-लाउटोकात नियमित घरचे सामने असलेला व्यावसायिक संघ. पोरांना घरी राहून पगार, आठवड्यामागून आठवडा तेच सोबती, तोच सराव. टोंगा-सामोआसाठी मोआना पासिफिका निघाला, पण त्याचा तळ ऑकलंडमध्ये. 2026 पासूनच्या नेशन्स चॅम्पियनशिपच्या वरच्या बारांत फिजी आहे, सामोआ-टोंगा नाहीत.

भाच्याला मी लेख पाठवला नाही, तो वाचणार नाही. मार्च 2023 मधला लाउटोकाचा सामना पाठवला: द्रुआ 25, न्यूझीलंडचा बलाढ्य क्रुसेडर्स संघ 24, तेही भोंगा वाजून गेल्यावरच्या पेनल्टीवर. रात्री त्याचा मेसेज आला, "शेवटची किक मारली तो कोण?"

केमू वालेतिनी, मी लिहिलं. सोमवारी पहाटे तो सरावाला गेला, असं ताई म्हणाली.