सहा शहाळ्यांचा ब्रेक

परवा अंधेरी सबवेत पोटरीपर्यंत पाणी होतं. आमची ८६ सालची पद्मिनी ते पार करून पलीकडे चढली, मी सिग्नलला ब्रेक दाबला, पॅडल नेहमीसारखं कडक लागलं. फक्त गाडी थांबली नाही. ती सावकाश, अगदी लाजतमुरडत, शहाळ्याच्या हातगाडीला जाऊन टेकली. सहा शहाळी खाली आली. एकही फुटलं नाही. तरी चारशे ऐंशी रुपये. मागून हॉर्न वाजत होते, त्यामुळे घासाघीस न करता दिले, हे अजून टोचतंय.

तेवढ्यात बसस्टॉपखालून एक काका आले. डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी, टोपीसारखी. ते वाकले, पुढच्या चाकात डोकावले आणि डॉक्टर “तंबाखू?” विचारतात त्या आवाजात म्हणाले, “ड्रम ब्रेक?”

“ड्रम.”

“चारही?”

“चारही.”

काकांनी मागे जमलेल्या लोकांकडे वळून जाहीर केलं, “चारही ड्रम आहेत!” लोकांनी च्‌ च्‌ केलं. ज्यांना ड्रम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनी जरा जास्तच केलं.

मग काकांनी माझ्या सहापैकी एक शहाळं उचललं, गाडीवाल्याकडून ते छाटून घेतलं, स्ट्रॉ लावला आणि सुरू झाले. “डिस्क ब्रेकची चकती कशी, उघडी असते. पाणी आलं, उडून गेलं. तुमचा ड्रम म्हणजे झाकणाचा डबा. आत पाणी शिरलं की घासून चाक थांबवणारा पट्टा, म्हणजे लायनर, घसरणारच.”

“माहितीये मला,” मी म्हणालो.

“जॅग्वारने १९५३ साली ल माँची शर्यत डिस्कवर मारली!” हे अशा थाटात, की त्या दिवशी झेंडा दाखवायला हेच उभे होते. “आणि घाटात काय करता? ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, पॅडल खाली बसतं.”

हेही मला माहीत होतं. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, असं वडील खंडाळ्यात दर वेळी बजावायचे. स्टेअरिंगखालचा गिअर दुसऱ्यात टाकायचा आणि जळक्या लायनरचा वास येतोय का म्हणून नाक बाहेर काढून बसायचं, हे आमचं पर्यटन. पण ड्रमचीही काही बाजू आहे की नाही? फिरतं चाक पट्ट्याला स्वतःच आणखी आत ओढून घेतं, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही माझ्या किरकोळ पायाने गाडी थांबते. फोक्सवॅगनने तर विजेवर चालणाऱ्या आयडी ४ ला मागे ड्रमच दिलेत. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि काकांनी तळाचं पाणी असं ओढलं, की पुढचं मलाच ऐकू आलं नाही.

डिस्क बसवा म्हणायला काय जातं! लायनर हाताने सेट करणारा माझा म्हातारा मिस्त्री गावाला गेला तो गेलाच. आता जिथे जातो तिथला पोरगा आधी कॉम्प्युटर लावायला सॉकेट शोधतो. ८६ च्या गाडीत! आणि त्या गर्दीत गाडीचं साल सगळ्यांनी विचारलं. सबवेत दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याला कितवं साल लागलं, हे एकाही माणसाने विचारलं नाही.

“जोगेश्वरीला सोडता का?” काका दार उघडून बसलेसुद्धा.

मी पहिल्या गिअरमध्ये डाव्या कडेने निघालो, पॅडलवर पाय अलगद दाबून धरत. तेवढं केलं की घर्षणाच्या उष्णतेने लायनर वाळतात. दोन-तीन मिनिटांत वाळलेही. पुढे एक रिक्षा आडवी आली, मी ब्रेक मारला आणि गाडी अशी जागच्या जागी खिळली, की काकांची पिशवी-टोपी डॅशबोर्डवर.

काकांनी ती उचलली, झटकली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“लागतोय की! मग मघाशी काय झोपला होतात?”

जोगेश्वरीला उतरताना दोन शहाळी घेऊन गेले.