गारंबी नकाशात शोधू नका

कादंबरीकार श्री. ना. पेंडशांनी दापोलीचा किनारा 'जसाच्या तसा' कादंबरीत उतरवला, हे तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मी नागपूरची. समुद्र आमच्यापासून फार लांब, त्यामुळे त्यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी पहिल्यांदा वाचताना डोळ्यांसमोर नुसती वाळू आणि लाटा होत्या. पुढे मुर्डीला, म्हणजे पेंडशांच्या जन्मगावी गेले, तिथून आसूदला. आणि चित्रच बदललं. आसूदच्या वाडीत उभं राहिलं की समुद्र दिसतच नाही! दिसतात त्या उतारावरच्या सुपारीच्या बागा, जांभ्याचे गडगे, पाटाचं खळाळतं पाणी, आणि ओढा ओलांडून वर केशवराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या. हर्णैचं बंदर अन् सुवर्णदुर्ग डोंगरापलीकडे. एकमेकांच्या अंगणात डोकावणारी घरं, अरुंद वाटा, पाण्यावरचं अवलंबन. अशा ठिकाणी कुणाचं काही लपून राहणं शक्यच नाही. १९५२च्या त्या कादंबरीतला सगळा ताण मला या उतारातून आलेला वाटतो. किनारा त्यांनी उचलला नाही, तिथल्या माणसांमधलं अंतर उचललं.

'तुंबाडचे खोत' या त्यांच्याच कादंबरीत तर समुद्रही मागे पडतो. तिथे जगबुडी नदी आहे, पुढे वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीकडे जाणारी. लेखात तिचा उल्लेखच नाही, याचं खरंच वाईट वाटलं. पुढचा भाग लिहाल तर नदीपासून सुरुवात करा, ही मनापासून विनंती.