‘सरळ सांगता आलं नसतं का?’

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरी येऊन तास झाला, अजून जेवले नाहीये. एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

संध्याकाळी मेद होंडोचा ‘सोलेय ओ’ बघितला. तीस-पस्तीस जण असू. 1970 चा सिनेमा, कृष्णधवल. पॅरिसमध्ये काम शोधत फिरणारा एक आफ्रिकी माणूस. शिकलेला, पेशाने हिशेबनीस. शेवटपर्यंत त्याला नाव नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, चर्चा सुरू झाली आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, “विषय उत्तम आहे, पण हे सरळ सांगता आलं नसतं का?”

निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. माझं तिथेच डोकं फिरलं.

का फिरलं, ते सांगायचं तर मला 2010 मध्ये जावं लागेल. आम्ही तिघी कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक जण लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी टांझानियाची एक मुलगी आली. कॉमर्सला होती. घरमालकांची हरकत नव्हती, पण तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी काका वर आले. हातात वही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, “विचार तिला, कुठली, वडील काय करतात, इथे का आली, परत कधी जाणार.” त्यांना इंग्रजी समजत होतं, तरी सगळं माझ्यामार्फत. मी विचारलं. ती बोलायला लागली आणि चांगली सात-आठ मिनिटं बोलत राहिली, मध्ये थांबत, मागे जात, हाताने हवेत नकाशा काढत. काका वहीवर पेन टेकवून बसलेले. ती थांबल्यावर मी म्हणाले, “टांझानियाची आहे काका. वडील शिक्षक आहेत. तीन वर्षांनी परत जाणार.”

काकांनी तीन ओळी लिहिल्या आणि गेले.

दार लागल्यावर तिने मला विचारलं, “मी एवढं बोलले, आणि तू एवढंच सांगितलंस?”

तेव्हा मला वाटलं होतं, मी तिचं काम सोपं केलं.

तर आज त्या गृहस्थांनी होंडोकडे जे मागितलं ते हेच होतं, वहीतल्या तीन ओळी. कुठला, का आला, कधी जाणार. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला रोज कुणी ना कुणी हेच विचारतो. घर बघायला गेलं की, नोकरी मागायला गेलं की, कागदावर शिक्का हवा असला की. त्याला सगळं सलग जुळवून सांगावं लागतं, नाहीतर काम होत नाही. मग निदान स्वतःच्या सिनेमात तरी त्याने तसं का सांगावं? तिथेही आपण वही घेऊनच बसायचं?

होंडो पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचा. 1959 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरला. स्वयंपाकी म्हणून राबला, गोदीत काम केलं, मग नाटकात गेला. हा सिनेमा त्याने पदरच्या पैशाने, ओळखीच्या नटांना घेऊन, थांबत थांबत काही वर्षं केला. पुढे तो फ्रेंचमध्ये एडी मर्फीचा आवाज म्हणून घराघरात पोचला. ‘श्रेक’मधलं गाढव फ्रेंचमध्ये बोलतं ते त्याच्या आवाजात. म्हणजे लोकांना चालणारं सरळ बोलणं त्याला येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याचा तर त्यावर चरितार्थ होता.

आणि काय केलंय त्याने या सिनेमात! सुरुवातीलाच आफ्रिकी माणसं ओळीने उभी आहेत, आपली भाषा बोललो म्हणून पाद्र्यासमोर माफी मागतायत, नवी नावं घेतायत. हातात क्रूस. तेच क्रूस उलटे धरले की तलवारी होतात आणि त्यांची पलटण चालायला लागते. कुणी काही समजावून सांगत नाही. मग एकदम पॅरिस. काम नाही. आणखी पुढे तो आणि एक गोरी मुलगी रस्त्याने चालतात, येणारे-जाणारे वळून बघतात, आणि त्या बघणाऱ्या चेहऱ्यांवर होंडोने आवाज टाकलेत गुराढोरांचे, कोंबड्यांचे. इथे आज सभागृहात लोक हसले. मीही हसले असते कदाचित, पण मला बस आठवली.

कर्वे रोडवरची बस. माझी टांझानियाची मैत्रीण खिडकीशी बसलेली, शेजारची जागा रिकामी, आणि माणसं दांडीला लोंबकळत उभी. मी मागच्या दाराने चढले होते, गर्दीतून तिच्यापर्यंत पोचायला दोन स्टॉप गेले. तेवढ्या वेळात त्या जागेवर कुणीही बसलं नाही. एका बाईने बसायला निघालेल्या आपल्या मुलाला दंडाला धरून मागे ओढलं. तिने ते काचेत पाहिलं. मी जाऊन बसले तर म्हणाली, “आज लवकर आलीस.” बाकी काही नाही.

चर्चेत दुसरे एक जण म्हणाले की हे सगळं फ्रान्सचं झालं, आपल्याकडे असं काही नाही. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर आवाज चढला असता. आपल्याकडे असं काही नाही! मलिक अंबर आपला म्हणायचा, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, तरी दख्खनचा. आणि बसमध्ये शेजारची जागा मोकळी ठेवायची.

जाऊ दे. सिनेमावर येते.

‘सरळ का सांगत नाही’ हा प्रश्न काही आजचा नाही, आणि तो फक्त न कळणाऱ्यांनीच विचारला असंही नाही, हेच मला जास्त लागतं. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात दंगल झाली. वर्षभरात ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह या तरुण मुलामुलींच्या गटाने त्यावर ‘हँड्सवर्थ साँग्ज’ केला. दिग्दर्शक जॉन अकोम्फ्रा, घानातल्या आक्रात जन्मलेला. 1966 च्या लष्करी बंडानंतर त्याची आई जिवाच्या भीतीने लेकराला घेऊन देश सोडून निघाली. असा मुलगा दंगलीवर सिनेमा करतो तेव्हा कोणी पहिला दगड मारला हे सांगत बसत नाही. जुन्या बातमीपटांतले तुकडे घेतो. बोटीतून उतरणारी माणसं, टोप्या, कोट, डोळ्यांत आशा, कारखान्यांत राबणारे हात. ते पोलिसांच्या रांगांशेजारी ठेवतो आणि खालून विचित्र घरघरणारा आवाज सोडतो. त्यात म्हटलंय की दंगलीत गोष्टी नसतात, असतात ती दुसऱ्या गोष्टींची भुतं.

आणि यावर 1987 च्या जानेवारीत ‘गार्डियन’मध्ये तुटून पडलं कोण? सलमान रश्दी. आपल्या मुंबईत जन्मलेला, स्वतः देश सोडून गेलेला. त्याचं म्हणणं, यात त्या वस्तीतल्या माणसांच्या गोष्टी कुठायत? चारच दिवसांत संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने त्याला उत्तर दिलं. हॉल स्वतः जमैकाहून आलेला. ही पोरं नवी भाषा शोधतायत, ते तुला दिसत नाही का, असा त्याचा रोख होता. मी हॉलच्या बाजूची. रश्दीचं एवढं मान्य करते की त्या गल्लीतल्या माणसांचं बोलणं अजून ऐकायला आवडलं असतं. आणि असे काही सिनेमे नुसतेच दुर्बोध असतात, हेही खरं. पण म्हणून सगळ्यांनाच वही दाखवायची?

आणखी एक सांगते, मग थांबते. फ्रेंच वसाहतींत 1934 पासून कायदाच होता, सरकारी परवानगीशिवाय तिथे चित्रीकरण करायचं नाही. पोलां व्हिएरा या आफ्रिकी दिग्दर्शकाला आणि त्याच्या मित्रांना आफ्रिकेत सिनेमा करायला परवानगी मिळाली नाही, म्हणून 1955 मध्ये त्यांनी कॅमेरा लावला तो पॅरिसमध्ये, तिथे राहणाऱ्या आफ्रिकी माणसांवर. आफ्रिकी माणसांनी केलेल्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी हा एक, आणि तो परक्या शहरात जन्मला. आपलं घर दाखवायलाच ज्यांना मनाई होती, त्यांनी “आमच्या घरापासून सुरू करू” असं कसं म्हणायचं? मधले तुकडे त्यांच्याकडून काढून घेतलेत. ते पडद्यावर तुटलेलेच दिसणार.

आता राग जरा उतरलाय. ती आठवतेय. मी पहिल्यांदा पोळ्या केल्या तेव्हा आत येऊन ओरडली, “चपाती!” स्वाहिलीतही चपातीच म्हणतात. चहाला चायच. दुकानाला दुका, गाडीला गारी. मग तिने तिच्या पद्धतीने करून दाखवली. पोळी लाटायची, तेल लावायचं, पट्टी करून गोगलगायीसारखी गुंडाळायची, थोडा वेळ ठेवायची आणि परत लाटायची. पदर न् पदर सुटतो. पाचव्या महिन्यात ती खोली सोडून गेली. रात्री नऊनंतर कुणी यायचं नाही हा नियम फक्त तिला होता. मी तेव्हा कमिटीशी भांडले नाही.

सेक्रेटरी काका, तुम्ही इथे माझ्या यादीत आहात, माझ्या पोस्ट वाचता, मला माहितीये. पंधरा वर्षांहून जास्त उशीर झालाय. तुम्ही विचारलं होतंत, ती कुठली. तिने दिलेलं उत्तर असं होतं:

टांगानिका तळ्याच्या काठी किगोमा म्हणून गाव आहे, तिथली. पण आजी तळ्यापलीकडची, काँगोतली, बोटीतून आली होती, कधी आली ते आजीने दर वेळी वेगळं सांगितलं. घरात किहा बोलायचे, शाळेत स्वाहिली, आणि आजी झोपेत तिसरंच काहीतरी. आठव्या वर्षी तिला रेल्वेत बसवून दार-एस-सलामला मावशीकडे पाठवलं, दोन दिवसांचा प्रवास, सोबत उकडलेली अंडी. वडील शिक्षक होते, आता नाहीत, म्हणजे शिक्षक नाहीत. इथे का आली तर एका शेजाऱ्याचा मुलगा पुण्यात शिकून गेला होता आणि त्याने पावसाचं फार वर्णन केलं होतं. मग ती मावशीच्या नवऱ्याबद्दल काहीतरी बोलली, ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आणि परत कधी जाणार, यावर ती म्हणाली होती, “कुठे?”