निकालाच्या आदल्या दिवसापर्यंतचे वाचन

जूनच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक लागते आणि 'व्यवस्थापन सल्लागार सेवा' या ऐच्छिक विषयासमोर आपले नाव दिसते. आपण आयुष्यात कधी कोणत्या कंपनीला सल्ला दिलेला नाही, म्हणून दचकून जाऊ नये. ज्यांनी दिलेला आहे ते आपल्या महाविद्यालयाच्या पगारावर शिकवायला येत नाहीत, एवढ्याच कारणाने हा विषय आपल्याकडे आला आहे. व्याख्यानांची चिंता नंतर करता येईल. आधी वाचनसाहित्याची यादी द्यायची आहे, कारण ती विभागप्रमुखांना, त्यांच्यामार्फत परीक्षा विभागाला आणि मूल्यांकनासाठी बाहेरून येणाऱ्या समितीला दाखवावी लागते. व्याख्यान कोणी तपासत नाही, यादी सगळे तपासतात.

यादी करताना एकच पथ्य सांभाळावे. प्रत्येक वाचनातली गोष्ट तिचा निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी संपली पाहिजे. सल्लागार पाहणी करतो, अहवाल सादर करतो, बिल पाठवतो आणि विमानतळाकडे निघतो. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे पाहायला तो थांबत नाही, आणि थांबलाच तर 'दुसऱ्या टप्प्याचे काम' म्हणून त्याचे वेगळे बिल लावतो. ज्याला हा व्यवसाय करायचा आहे त्याला पहिल्या सत्रापासूनच गोष्ट मध्येच सोडून उठण्याची सवय लागली पाहिजे. पुढे काय झाले, असे वारंवार विचारणारा विद्यार्थी आढळल्यास त्याला सौजन्याने इतिहास विभागाचा रस्ता दाखवावा.

सुरुवात अर्थातच फ्रेडरिक टेलर यांच्यापासून करावी, कारण मूळपुरुष असला की व्यवसायाला कुलीनपणा येतो. शास्त्रीय व्यवस्थापनावरील त्यांचे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले; त्यातला कच्च्या लोखंडाचा प्रसंग तेवढा घ्यावा. बेथलेहेम स्टील कंपनीच्या आवारात मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन लोखंड वाघिणीत चढवत असत. टेलर यांनी श्मिट नावाने ओळखला जाणारा एक मजूर निवडला, केव्हा उचलायचे, केव्हा चालायचे आणि केव्हा बसायचे हे हातात घड्याळ धरलेल्या माणसाकरवी त्याला सांगितले, आणि तोच मजूर दिवसाला साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त, हा हिशेब एखादी विद्यार्थिनी वर्गात मोठ्याने करू लागली तर तिला थांबवू नये. नफा कोठून येतो हे तिला समजू लागले आहे. तारखांपासून मात्र वर्गाला जपावे. प्रयोग १८९९ सालचा, कंपनीने टेलर यांना निरोप दिला १९०१ साली आणि पुस्तक आले १९११ साली. म्हणजे ज्या यशाचे वर्णन जग अजून वाचते आहे, ते यश जिच्या आवारात घडले त्या कंपनीने लेखकाला दहा वर्षे आधीच दार दाखवले होते. पुढे १९७४ साली दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रे उलगडून टेलर यांची कथा त्यांच्याशी जुळत नसल्याचे दाखवून दिले. हा निबंध आपण स्वतः अवश्य वाचावा आणि कपाटात ठेवून कुलूप लावावे.

टेलर जड वाटतील म्हणून त्यांच्या जोडीला एक हलकी गोष्ट द्यावी. बोस्टनचे रसायनतज्ज्ञ आर्थर डी. लिटल यांची १८८६ साली सुरू झालेली संस्था या व्यवसायातल्या आद्य संस्थांपैकी एक. डुकरिणीच्या कानाचा रेशमी बटवा होत नाही, अशी इंग्रजांची एक म्हण आहे. लिटल यांच्या संस्थेने १९२१ साली अशा कानांपासून सरस मिळवून, त्याचे धागे काढून, खरोखरच बटवा विणून दाखवला. तो वापरून कोणी धंदा करावा असा लिटल यांचाही आग्रह नव्हता. सल्ला सिद्ध करून दाखवायचा असतो, वापरायचा नसतो, हे विद्यार्थ्यांना इतक्या गोड रीतीने दुसरे कोणी सांगणार नाही. २००२ साली याच संस्थेवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, परंतु ते साल १९२१च्या बरेच पुढचे असल्याने आपल्या पथ्यात बसत नाही.

यानंतर उत्तम कंपन्यांची लक्षणे सांगणारे एखादे जाडजूड पुस्तक हवे. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन या मॅकिन्झी नावाच्या सल्लागार संस्थेत घडलेल्या जोडीचे १९८२ सालचे पुस्तक या कामी नामी आहे: ४३ उत्कृष्ट कंपन्या, उत्कृष्टतेची ८ लक्षणे, आणि लाखो खपलेल्या प्रती. पुस्तक निघाल्याला दोन वर्षे होतात न होतात तोच 'बिझनेस वीक'ने 'अरेच्चा, आता उत्कृष्ट कोण?' अशा अर्थाची मुखपृष्ठकथा छापली आणि त्यांतल्या डझनाहून अधिक कंपन्यांची चमक उतरल्याचे दाखवले. आपल्याकडे लक्षणे सांगण्याची परंपरा जुनी आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाचीही सांगितली. फरक एवढाच, की ज्याला ती लागू पडली तो दोन वर्षांत त्या यादीतून बाहेर गेल्याचे ऐकिवात नाही. पुस्तक निवडताना ते 'बेस्टसेलर' आहे ना, एवढे पाहावे. ते तसे का झाले हे पाहू नये. १९९५ साली एका सल्लागार संस्थेच्या वर्तुळातून आलेल्या पुस्तकाच्या प्रती, ते खपाच्या यादीत चढावे म्हणून, गावोगावच्या दुकानांतून हजारोंनी उचलल्या गेल्याची बातमी फुटली होती. व्यवस्थापनाचे पुस्तक स्वतःच्या विक्रीचे इतके चोख व्यवस्थापन करीत असेल तर त्याहून मोठी गुणवत्ता ती कोणती?

आकृत्यांसाठी फार शोधाशोध करू नये. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांचा, कंपनीचे धंदे बाजाराची वाढ आणि बाजारातला वाटा पाहून चार खान्यांत टाकणारा, १९७० सालचा चौकोन पुरेसा आहे: तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. मूळ लेख दोन-तीन पानांचा असल्याने तो पूर्ण वाचला जाण्याचा धोका आहे, तेव्हा फक्त चौकोन द्यावा.

आता केसेस, म्हणजे एखाद्या कंपनीवर गुदरलेल्या प्रसंगाच्या वर्गात चर्चेला घ्यायच्या हकिगती. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेच्या केसवर पहिल्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असे छापलेले असते, की ही केस केवळ वर्गातील चर्चेसाठी असून कारभार प्रभावी होता किंवा निष्प्रभ होता याचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहू नये. हे वाक्य विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यावे. कारभार बरा होता की वाईट, याविषयी मौन पाळून त्यावर दीड तास बोलायला लावणारी दुसरी कोणतीही शिक्षणपद्धती माझ्या पाहण्यात नाही, आणि सल्लागाराच्या धंद्याची याहून चांगली तालीम संभवत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना घरची केस हवी असते. हार्वर्डने नव्वदच्या दशकातच एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पावर केस लिहिली, ती निःशंक मनाने घ्यावी. तिला वाटाघाटींचे नाट्य आहे: १९९३च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी झालेला करार, १९९५च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने केलेली रद्दबातल, आणि काही महिन्यांतच पुन्हा सुरू झालेली बोलणी. 'तुम्ही कंपनीच्या जागी असता तर काय केले असते?' असा प्रश्न टाकून वर्गाचे चार गट करावेत आणि तास संपवावा. कारखाना नावाप्रमाणे दाभोळला नसून वाशिष्ठीच्या दुसऱ्या काठावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या बाजूला आहे, अशी शंका रत्नागिरीकडचा एखादा मुलगा काढील; त्याला स्थानिक तपशिलाचे एक जास्तीचे गुण देऊन खाली बसवावे. तो पुढे मे १९९९मध्ये वीज सुरू झाल्याचे, मग मंडळाला बिले झेपेनाशी झाल्याचे आणि २००१च्या उन्हाळ्यात चाके थांबल्याचे सांगू लागला तर मात्र घंटा होण्याची वाट पाहू नये. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी 'फॉर्च्यून'ने तिला सलग सहा वर्षे अमेरिकेतली सर्वांत नवोन्मेषी कंपनी ठरवले होते, आणि तिचे मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग मॅकिन्झीतूनच तिकडे गेले होते. आपल्या पथ्यानुसार केस १९९६लाच संपवावी.

दाभोळवर आणखीही लिखाण आहे, पण ते वर्गात आणण्याजोगे नाही. पुण्यातल्या 'प्रयास' गटाने १९९५ सालीच करारातल्या दरांची आणि गृहीतांची चिकित्सा प्रसिद्ध केली होती, आणि जागतिक बँकेने तर त्याच्याही आधी, १९९३मध्ये, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे केंद्र सरकारला कळवले होते. ज्या आकडेमोडीतून निष्कर्ष निकालाच्या आधीच कळतो, तिने विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीला वाव राहत नाही.

खरा सल्लागारी अहवाल कसा दिसतो हे दाखवायचे झाल्यास 'व्हिजन मुंबई'ला तोड नाही. २००३ साली 'बॉम्बे फर्स्ट' ही उद्योगजगताच्या पाठबळाची संस्था आणि मॅकिन्झी यांनी तो काढला. मुंबईला २०१३पर्यंत जागतिक दर्जाचे शहर करायचे, त्यासाठी दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटी रुपये घालायचे आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते ते १० ते २० टक्क्यांवर आणायचे, असा त्याचा संकल्प होता. राज्य सरकारने कृतिदल नेमले आणि मुंबईचे शांघाय करण्याची भाषा गल्लोगल्ली ऐकू येऊ लागली. या अहवालातून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे वर्षाची निवड. मुदत पाच वर्षांची ठेवली तर तेच मंत्री उत्तर मागतात, पन्नास वर्षांची ठेवली तर कोणी पैसे देत नाही. दहा वर्षांत मंत्री, आयुक्त आणि अहवाल लिहिणारे तरुण असे तिघेही बदललेले असतात. दुसरी गोष्ट 'जागतिक दर्जा' या शब्दांची. पूल पडला की पडला म्हणावे लागते. जागतिक दर्जा आला की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. अहवालाला दोन वर्षे होण्याच्या आतच, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा वाचनात आणू नये. तो हवामान खात्याने मोफत दिलेला आहे, आणि मोफत मिळालेल्या आकड्यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसू लागला तर आपल्या विषयाचे भवितव्य कठीण होईल.

डबेवाल्यांची केस घ्यावी की नाही, याबद्दल माझे मन जरा द्विधा आहे. हार्वर्डने २०१०मध्ये त्यांच्यावरही केस काढली, त्यामुळे ती आता आपल्याला परत विकत घेता येते, ही मोठी सोय. 'फोर्ब्स'ने त्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र दिले, असे अनेक भाषणांत सांगितले जाते. १९९८ साली त्या मासिकाने लेख छापला होता, आणि मासिके प्रमाणपत्रे देत नसतात. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका, म्हणजे साठ लाखांत सुमारे वीस. डबेवाल्यांविषयी सांगितला जाणारा आकडा साठ लाखांत एक चूक असा आहे. तेव्हा कोणी खरोखरच तसे प्रमाणपत्र दिले असते तर ती पदावनतीच ठरली असती. अडचण अशी, की या केसचा निकाल रोज दुपारी एकच्या आत लागतो. आदल्या दिवशी थांबावे म्हटले तर डबाच निघालेला नसतो. शिवाय १८९० साली महादू बच्चे यांनी हे काम सुरू केल्यापासून एकाही सल्लागाराला बोलावल्यावाचून ते चाललेले आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या दृष्टीने शुभ नव्हे. घ्यायचीच असेल तर ऐच्छिक वाचनात घ्यावी.

ऐच्छिक वाचनाचा खरा उपयोग टीकाकारांची सोय लावण्यासाठी असतो. सल्लागार संस्थांच्या वाढीत १९३३च्या अमेरिकी बँकिंग कायद्याचा वाटा कसा होता हे दाखवणारे क्रिस्टोफर मॅकेना, किंवा सरकारे सल्लागारांवर विसंबत गेली की स्वतःची अक्कल कशी गमावतात हे सांगणाऱ्या मारियाना माझुकाटो, यांची पुस्तके शेवटच्या आठवड्यासमोर लिहावीत. शेवटचा आठवडा सबमिशनचा असतो. समितीला संतुलन दिसते आणि विद्यार्थ्यांना काही दिसत नाही.

पानांची एकूण संख्या आठशेच्या खाली येऊ देऊ नये. जेवढे वाचून होणार नाही तेवढे दिले, की जे वाचले नाही त्याबद्दल विद्यार्थी स्वतःलाच दोष देतात, आणि पन्नास स्लाइडींत सारांश करण्याची कला त्यांना कोणी न शिकवता येते. झेरॉक्सचा गठ्ठा एकाच दिवशी द्यावा. थोडा थोडा दिला तर वाचला जातो.

राहता राहिला आपला स्वतःचा अहवाल, म्हणजे शिक्षकाविषयी विद्यार्थ्यांचा अभिप्राय. तो अर्ज अंतर्गत परीक्षेचे गुण फलकावर लागण्याच्या आदल्या दिवशी भरून घ्यावा. मी पहिल्या वर्षी गुण आधी लावले आणि अर्ज नंतर वाटले. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये माझ्या नावासमोर 'कार्यालयीन पत्रव्यवहार' हा विषय होता.