जिथे वजन लटकतं, नेमकी तिथेच काटकसर

मेसेंजर बॅग, म्हणजे एका खांद्यावरून तिरकी घ्यायची एका पट्ट्याची बॅग, लॅपटॉप बॅग म्हणून विकता ना, मग तिने लॅपटॉप उचलला पाहिजे. रोज, पावसापाण्यात, गर्दीत, दोन-तीन पुस्तकांसकट. एवढंच मागणं आहे आणि तेवढंही पुरं होत नाही, म्हणून डोकं फिरलंय माझं. परवा दादरच्या पुलावर, ऐन जिन्याच्या तोंडाशी, पट्ट्याची कडी शिवणीतून उपटून आली. मागून माणसांचा लोंढा. एका अनोळखी मुलीने बॅग खालून झेलली म्हणून लॅपटॉप वाचला. बॅग वर्षाचीसुद्धा नव्हती. कापड कोरं करकरीत, आणि पट्टा हातात!

वजनाचा हिशोब करा. १५.६ इंची लॅपटॉप दोन किलोच्या आसपास, चार्जर धरून अडीच. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो. डबा, छत्री. वर लायब्ररीची दोन जाडजूड पुस्तकं आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. सहा-सात किलो सहज होतात. नोकरी करणारी, शिकणारी, शिकवणारी लाखो माणसं रोज एवढं वाहतात. आणि हे वजन एका जागी गप्प बसत नाही. जिना उतरताना प्रत्येक पायरीला हिसका, गाडीत कुणाच्या कोपरात पट्टा अडकला की त्याहून मोठा हिसका. सॅकमध्ये हा भार दोन पट्ट्यांवर वाटला जातो. मेसेंजर बॅगला पट्टा एकच, आणि तो दोनच ठिकाणी अडकवलेला. सगळी मदार त्या दोन जागांवर.

‘मग सॅक घे ना’ असं सांगणाऱ्यांनी सकाळची दादरकडे जाणारी फास्ट एकदा कल्याणहून पकडावी. पाठीवर सॅक दिसली की डब्यातल्या दहा बायका ‘बॅग पुढे घ्या’ म्हणून ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. तिरका पट्टा घातलेली बॅग आपोआप पुढे घेता येते, छातीशी धरता येते, उभ्या उभ्या झाकण उचलून पुस्तक काढता येतं. प्रवासात वाचणाऱ्याला याहून सोयीची बॅग नाही. म्हणून तर एवढी चीड येते. वस्तूची कल्पना उत्तम आहे, बनवणारे तिची माती करतात.

त्या तुटलेल्या बॅगेचं अस्तर मी घरी आणून उसवलं. आत काय होतं, तर कडी धरणारी पट्टी जेमतेम अर्धा इंच आत घेतलेली आणि बाजूच्या शिवणीबरोबर एकाच ओळीत मारलेली. बस्स. चौकोन करून त्यात फुलीचे टाके नाहीत, मागे कापडाचा दुसरा थर नाही, रिव्हेट म्हणजे ठोकून बसवायची धातूची खिळी नाही. सहा किलोचा भार आणि त्याखाली बोटभर शिलाई. दुसऱ्या टोकाचा हुक पाहिला तर त्यालाही बारीक तडा. बाहेरून स्टीलसारखा चकचकीत, तड्यात आतला धातू करडा आणि दाणेदार. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, वर मुलामा द्यायचा की झाला ‘मेटल हुक’. असला हुक वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो.

स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी बॅग उलटी केली, अंगठ्याने शिवण दाबून पाहिली आणि म्हणाले, “ताई, कापडाला काही झालं नाही. पट्टा आत घ्यायला मार्जिनच सोडलेली नाही. पाच रुपयांचं कापड वाचवलंय बघा.” मग त्यांनी आतून कॅनव्हासचा तुकडा लावला, पट्टा चार बोटं आत घेतला, जाड नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन मारून वर फुली मारली आणि दोन रिव्हेट ठोकले. दीडशे रुपये घेतले. रस्त्यावर बसलेल्या माणसाला जे कळतं आणि जमतं, ते दोन-अडीच हजार रुपये घेणाऱ्या कंपनीला का जमत नाही? जमतं. करायचं नसतं.

नवी बॅग बघायला जा, तर वेगळाच मनस्ताप. दुकानात मी बॅग उलटी करून शिलाई बघायला लागले की मालक अस्वस्थ. “मॅडम, आत काय बघताय? डिझाइन बघा, सात कप्पे आहेत.” सात कप्पे घालून करू काय? पेनाचा कप्पा, मोबाइलचा कप्पा, कार्डांचा कप्पा, आणि डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढी, दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवायला जागा नाही! भरीला यूएसबीचं भोक. ती नुसती वायर असते, पॉवरबँक आपणच आणायची. पण त्या वायरीवर खर्च होतो, कडीवर होत नाही.

ऑनलाइन तर मापंसुद्धा धड देत नाहीत. ‘१५.६ इंच लॅपटॉप बसतो’ असं लिहायचं. अहो, १५.६ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप आहे! लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी मॉडेलगणिक बदलते. कप्प्याची आतली मापं सेंटिमीटरमध्ये द्यायला कसला त्रास होतो? फोटोत बॅग कागद कोंबून फुगवलेली. खाली पाच तारे देणाऱ्यांची रांग: ‘कलर सेम आहे, डिलिव्हरी लवकर आली’. बॅग हातात पडल्याच्या संध्याकाळी लिहिलेल्या मतांवरून एका पावसाळ्यानंतर काय होतं ते कसं कळणार?

कापडाबद्दल विचारा, उत्तर एकच: ‘प्रीमियम’. सुताची जाडी मोजायला डेनियर हे माप आहे, साधं सरळ. ९००० मीटर सूत जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर, म्हणजे १००० डेनियरचं ९००० मीटर सूत एक किलोचं. पण किती डेनियर ते सांगायचं नाही, आणि सांगितलंच तर पॉलिएस्टर की नायलॉन ते गुलदस्त्यात. आकडा सारखा असला तरी घासण्याला नायलॉन जास्त टिकतं, हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही.

आणि ते रेक्झिन! त्याला आता ‘व्हीगन लेदर’ म्हणतात आणि दुप्पट भाव लावतात. बऱ्याचदा तो कापडावरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि स्वस्तातला थर दमट हवेत हळूहळू विरतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवलेली बॅगही सोलपटायला लागते, काळे पापुद्रे शर्टाला चिकटतात. ही हवा काय काल बदलली का? माल विकायच्या आधी एवढा विचार नको? ‘वॉटर रेझिस्टंट’चंही तेच. कापड पाणी अडवतं, पण शिवणीची भोकं आणि चेन उघडीच. दहा मिनिटांच्या सरीत पुस्तकाचे कोपरे फुगतात.

चेन म्हणजे तर रोजची कटकट. ५ नंबर, ८ नंबर, १० नंबर असे चेनचे आकार असतात, बंद दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. भरलेल्या बॅगेच्या मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी. लावतात ५, वर कोपऱ्यात इतकं अरुंद वळण देतात की रनर तिथे रोज अडतो, ओढून ओढून सैल होतो आणि एक दिवस मागे दात उघडेच राहतात.

चांगलं बनवता येत नाही असं अजिबात नाही. मेसेंजर बॅग मुळात न्यूयॉर्कसारख्या शहरांत सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्यांनी दिवसभर वापरून रुळवलेली. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला १९९३ मध्ये फ्रायटाग बंधूंनी ट्रकच्या जुन्या ताडपत्र्या आणि गाड्यांच्या सीटबेल्टचे पट्टे वापरून अशा बॅगा शिवायला सुरुवात केली, आणि त्या आजही विकल्या जातात. ताडपत्री आणि सीटबेल्ट आपल्याकडे मिळत नाहीत? धारावीत उत्तम शिवणारे हात नाहीत? हात आहेत, माल आहे. पट्टा कुठे आणि कसा शिवायचा हे ठरवणाऱ्याला ती बॅग स्वतःच्या खांद्यावर घ्यायची नाही, एवढंच.

वॉरंटीचं सांगायलाच नको. कंपनीने बिल मागवलं, फोटो मागवले, आठवडाभर ताटकळत ठेवलं आणि कळवलं की पट्टा, हुक आणि चेन ‘वापरातली झीज’ धरली जाते, वॉरंटीत बसत नाही. मग वॉरंटी कशाची, लोगोची? बॅगेत झिजणार काय आणि तुटणार काय, तर हेच तीन भाग!

पाकिटावर एमआरपी छापता, बनवणाऱ्याचा पत्ता छापता, कारण कायद्याने छापावंच लागतं. त्याच्याच खाली आणखी चार ओळी छापा: कापड कुठलं आणि किती डेनियरचं, चेन किती नंबरची, हुक कशाचा, पट्टा किती किलो पेलतो. पुढच्या खरेदीला मी घरून पुस्तकांनी भरलेली पिशवी घेऊन जाणार आहे. ती पुस्तकं दुकानातच बॅगेत भरेन, पट्टा खांद्यावर घेऊन चार हिसके देईन. मालकाला चालणार नसेल, तर ती बॅग त्याने काचेतच टांगून ठेवावी.